हायड्रोव्हॅकनं गॅसची नळी उघडी करताना

इकडे कॅनडातल्या ओंटारिओत हायड्रोव्हॅकच्या, म्हणजे पाण्यानं माती फोडून आणि ओढून जमिनीतल्या नळ्या-केबल उघड्या करणाऱ्या, ट्रकवर हेल्पर म्हणून लागलेल्या आपल्या मुलांचे मला फोन येतात. प्रश्न ठरलेला: "दादा, पाण्यानं माती फोडायची आणि होजनं ओढायची, मग यात शिकायचं काय?" मी कराडचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सध्या ब्रॅम्पटनमध्ये हाच ट्रक चालवतो. शिकायचं काय ते एकदाच लिहून टाकतो.

यंत्र खरंच सोपं आहे. ट्रकवर पाण्याची टाकी, जास्त दाबाचा पंप, चिखल ओढणारा मोठा ब्लोअर आणि मागे गाळाची टाकी. लांब दांड्याच्या वाँडनं पाणी मारायचं, आणि बूमला, म्हणजे ट्रकवरच्या फिरत्या लांब हाताला, लटकलेल्या ६-८ इंची होजनं चिखल तिथल्या तिथं ओढायचा. अल्बर्टाच्या तेलक्षेत्रात हिवाळ्यात जमिनीत फावडं शिरत नाही, तिथं या तंत्राचं बस्तान बसलं. एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचे दात नळीजवळ जातच नाहीत, हा मोठा फायदा. पण त्यातूनच "पाणीच तर आहे" हा गैरसमज होतो. गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ पीएसआय (दाबाचं माप) हवा असते. वाँडमधून २,५०० पीएसआयपर्यंत पाणी सुटतं. एका जागी धरलं तर ते प्लॅस्टिकची नळी चिरतं, केबलचं आवरण सोलतं आणि बुटासकट पायही कापतं. "हे यंत्र सेफ आहे" असं म्हणणाऱ्या नव्या पोराच्या हातात मी त्या दिवशी वाँड देत नाही.

आधी कागद. खणण्याच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी 'ओंटारिओ वन कॉल'कडे, म्हणजे जमिनीतल्या लाइनींच्या खुणा करून घेण्यासाठीच्या सेवेकडे, नोंद करायची. ती फुकट असते. मग लोकेटर, म्हणजे जमिनीतल्या लाइनी शोधणारी माणसं, येऊन जमिनीवर रंग मारतात, झेंड्या रोवतात आणि त्या खुणांचा कागद, म्हणजे लोकेट शीट, देतात. गॅस पिवळा, वीज लाल, टेलिफोन आणि फायबर नारिंगी, पिण्याचं पाणी निळा, सांडपाणी हिरवा. पांढरा रंग आपला, म्हणजे खणणार आहोत त्या जागेचा. नवी मुलं रंग बघतात आणि शीट ट्रकमध्येच ठेवतात. उलटं करा. आधी शीट हातात घ्या, पत्ता जुळतो का बघा, मुदत संपली नाही ना बघा, आणि आपला पांढरा चौकोन शीटवरच्या हद्दीत पूर्ण बसतो का ते बघा. हद्दीबाहेर एक फूट जरी गेलात तरी तिथं लोकेट झालेलंच नाही असं समजा. बर्फानं रंग झाकला जातो आणि झेंड्या पोरं उपटून नेतात, तेव्हा शेवटी शीटच कामाला येतं.

रंग नळी कुठून गेली ते सांगतो, किती खोल आहे ते सांगत नाही. "गॅस इथं दोन फुटांवर असतो" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस प्रत्येक साइटवर भेटतो. त्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. लॉन सपाट करताना वरची माती कुणीतरी नेलेली असते, कुठं भर घातलेली असते. शिवाय मीटरच्या पुढची घरमालकाची लाइन, म्हणजे गॅरेजकडे गेलेली वीज, स्विमिंग पूलचा गॅस, हे वन कॉलच्या लोकेटमध्ये येत नाही. त्यासाठी खासगी लोकेटर बोलवावा लागतो. अंगणात पूल दिसला की मी आधी घरमालकाची बेल वाजवतो.

(पुण्या-मुंबईकडे हेच काम बहुतेक कुदळ-फावड्यानं ट्रायल पिट (चाचणी खड्डा) घेऊन होतं. तिथल्या मित्रांना एवढंच सांगेन की केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. नोंद करा, पण खड्डा घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका.)

इकडे खुणेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर हा आपला पट्टा. नळी डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यात एक्स्कॅव्हेटर येत नाही. हातानं किंवा हायड्रोव्हॅकनंच खणायचं. ट्रक उभा केला की बूम उचलण्याआधी वर बघा. ७५० ते १,५०,००० व्होल्टच्या तारांपासून तीन मीटर दूर राहायचा कायदा आहे, आणि बूम फिरवताना ते अंतर खालून हमखास चुकीचं वाटतं. जमिनीत वीज असेल तर ट्रकचं अर्थिंग, वाँडवाल्याला इन्सुलेटेड बूट आणि मॅट. होजचं सक्शन तोडायचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते हेल्परला डोळे मिटून सापडलं पाहिजे. आठ इंची होजला हात चिकटला तर ओढून सुटत नाही, आधी सक्शन तोडावं लागतं.

आता खड्डा. तो रंगाच्या रेषेवर नाही, रेषेला आडवा काढायचा. रेषेच्या बाहेरून सुरुवात करून तिच्याकडे सरकत जायचं, म्हणजे नळी बाजूनं दिसते आणि फवारा थेट तिच्या डोक्यावर बसत नाही. इकडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साध्या सरळ नोझलला कमाल २,५०० पीएसआय, आणि ४५ सेंटिमीटर खाली गेल्यावर कमाल १,५००. नळीच्या मालकाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. नोझल मातीपासून निदान २० सेंटिमीटर वर, आणि वाँड सतत हलती. चिकणमातीत हे पाळणं सगळ्यात जड जातं. ब्रॅम्पटनची माती चिवट आहे, त्याखाली लाल शेल हा थराथरांचा खडक. पाणी मारलं की फक्त खाच पडते आणि हात आपोआप वाँड पुढं रेटायला लागतो. पहारीसारखी वाँड खुपसलेली दिसली की मी पंप बंद करतो. चिकणमातीत छोटे तुकडे पाडून सावकाश ओढावेत. मोठं ढेकूळ होजमध्ये अडकलं तर ते काढण्यात दुप्पट वेळ जातो.

इंजिन आणि ब्लोअरच्या आवाजात कानांचा उपयोग नाही, त्यामुळे हेल्परचे डोळे खड्ड्यात हवेत, फोनमध्ये नाही. घट्ट तपकिरी माती संपून एकदम भुसभुशीत वाळू लागली की समजायचं, इथं आधी कुणीतरी खणलंय, नळी जवळ आहे. कधी धोक्याची प्लॅस्टिक पट्टी येते, कधी ट्रेसर वायर, म्हणजे प्लॅस्टिकची नळी वरून शोधता यावी म्हणून तिच्यासोबत टाकलेली तार. दोन्हींपैकी काहीच आलं नाही तरी नळी नाही असं नाही. पिवळं दिसलं की ट्रिगर सोडा, दाब उतरवा, आणि उरलेली माती कडेनं धुऊन काढा. ट्रेसर वायर बारीक असते, ती होजनं ओढून तोडू नका. पुढच्या लोकेटरला नळी तिच्यामुळेच सापडते. लोखंडी नळी असेल तर वरचं आवरण सांभाळा. आवरणाला ओरखडा पडला तर तिथून गंज लागतो, म्हणून ओरखडासुद्धा गॅस कंपनीला कळवायचा. मातीखाली झाकून टाकायचा नाही.

पहिली नळी सापडली की सगळे खूश होतात. थांबा. शीटवर लिहिलेला व्यास आणि प्रकार जुळतोय का? शीटवर प्लॅस्टिक आहे आणि खड्ड्यात गंजकं लोखंड दिसतंय, तर ती कदाचित बंद केलेली जुनी लाइन असेल आणि चालू नळी शेजारी असेल. काही वेळा जुन्या लोखंडी नळीच्या आतूनच नवी प्लॅस्टिकची ओवलेली असते. म्हणून बंद असल्याचं गॅस कंपनीनं सांगेपर्यंत प्रत्येक नळी चालू समजायची. आणि दोन्ही बाजूंना पूर्ण मीटरभर खणूनही काहीच सापडलं नाही, तर लोकेटरला परत बोलवा. "इथं काही नाही, बकेट येऊ दे" हे वाक्य कुणाच्याही दबावाखाली बोलायचं नाही. सुपरवायझर घड्याळ दाखवेल, दाखवू दे.

नळी उघडी झाल्यावर टेप लावून फोटो काढा: जमिनीपासून नळीच्या माथ्यापर्यंतची खोली, कर्बपासूनचं अंतर, व्यास, प्रकार. जास्त लांबी उघडी राहिली तर तिला आधार द्यावा लागतो. फोटोसाठी खड्ड्यात उतरू नका. १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय माणूस उतरवायचा नाही, आणि पाण्यानं भिजलेली भिंत तर अजिबात विश्वासाची नाही. बुजवताना ओढलेला चिखल परत टाकता येत नाही. नळीभोवती स्वच्छ वाळू, वर भर, आणि धोक्याची पट्टी पुन्हा जागेवर.

गॅस सुटलाच, तर नळी दुमडायला किंवा भोक बुजवायला जाऊ नका. आधी ट्रक बंद. डिझेल इंजिननं हवेबरोबर गॅस ओढला तर ते चावी काढूनही फिरत राहू शकतं, आणि ब्लोअर तोच गॅस टाकीत भरतो. मात्र ट्रकच गॅसच्या ढगात असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा, लोकांना हटवा, तिथूनच ९११ या आपत्कालीन नंबरवर आणि मग गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

हिवाळ्यात पाणी गरम करून मारतात, पण नळीजवळ ४५ अंश सेल्सियसच्या वर नाही. काम संपल्यावर पंप आणि पाइपातलं पाणी पूर्ण काढा, नाहीतर सकाळी फाटलेला पंप मिळेल. फुटपाथवर सांडलेलं पाणी लगेच गोठतं, तिथं मीठ टाकायचं काम हेल्परचं.

चिखल परवाना असलेल्या जागीच रिकामा करायचा, कुणाच्या शेताच्या कडेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्ते मऊ होतात आणि बऱ्याच आतल्या रस्त्यांवर अ‍ॅक्सलमागे पाच टनांची मर्यादा लागते. त्या दिवसांत टाकी भरायची वाट न बघता लवकर फेरी मारा.