घसरून पडलो, पण थोडी चूक आपलीही होती, तर?

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात माझी आई ओल्या फरशीवरून घसरली. पोछा नुकताच मारलेला, पाटी कुठंच नाही. खुब्याचं हाड मोडलं. पण तिच्या पायातली चप्पल झिजून गुळगुळीत झाली होती अन् नंबर पुकारल्यावर ती घाईनं उठली होती, हेही खरं. "मग चूक तुमचीच," असं तिथला मॅनेजर म्हणाला आणि आम्ही दोन महिने गप्प बसलो. तसं तुम्ही बसू नका.

अपघातात थोडी चूक आपलीही असली, तर वकील त्याला कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स म्हणतात. आपल्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते, बुडत नाही. समजा एकूण नुकसान तीन लाखांचं ठरलं आणि आपला दोष 30 टक्के धरला, तर 90 हजार वजा होऊन 2 लाख 10 हजार मिळतात. टक्क्यांचा ठरलेला तक्ता नसतो, पुरावा बघून ठरतं. आणि आपली चूक होती असं समोरचा म्हणत असेल तर ते सिद्ध त्यानं करायचं. दवाखान्यात म्हातारी, अशक्त माणसं येणारच, हे मात्र आवर्जून मांडा.

सगळ्यात जपायचा तो केसपेपर. आमच्या घाबरगुंडीत कुणीतरी "चक्कर आली असेल" म्हणालं आणि डॉक्टरांनी तेच लिहिलं. त्या एका शब्दानं आम्हाला फार छळलं. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच सांगू द्या: फरशी ओली होती, पाय घसरला. लिहिलेलं वाचून घ्या.

फरशी पुसली जायच्या आत फोटो काढा, रांगेतल्या दोघा-तिघांचे मोबाइल नंबर घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

फी भरली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याला हा मार्ग लागू होत नाही, तिथं दिवाणी कोर्ट.

तक्रारीत चप्पल झिजलेली होती हे आपणच लिहा. समोरच्यानं ते उकरून काढलं की आपल्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही संशय येतो. आणि ती चप्पल फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा.