आई लहान, बाप मोठा: फॅलेनॉप्सिसच्या संकराचं नोव्हेंबरातलं काम

दिवाळी आटोपली की नागपुरात रात्री थंडावतात आणि दुकानांत मोठ्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कुंड्या दिसू लागतात. घरी त्याच ऑर्किडची बारक्या फुलांची जात, इक्वेस्ट्रिस, फुलावर असेल, तर दोघांचा संकर करून पाहायला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सोयीचा. इक्वेस्ट्रिसची शेंग साधारण चार महिने झाडावर ठेवावी लागते. आत्ता धरली तर मार्चच्या मध्यावर उतरते. फेब्रुवारीत धराल तर ती मे महिन्यातल्या ४५ अंशांत सापडते, आणि तिथे कूलरही पुरत नाही. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा की मृग, हे पाण्यावरून ठरवतो ना, तसं इथे उन्हावरून ठरवायचं.

इक्वेस्ट्रिसचं फूल जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, मोठ्या पांढऱ्याचं दहा-बारा. शेंग दणकट होईल म्हणून नवखा माणूस मोठ्या झाडाला आई करतो. मीही केलं. तीन शेंगा धरल्या, तिन्ही महिन्याभरात पिवळ्या पडून गळाल्या. परागातून निघालेल्या नळीला कुक्षीपासून बीजांडापर्यंत जावं लागतं. लहान फुलाची नळी आखूड वाटेची. मोठ्या फुलात ती बरेचदा पोचतच नाही. म्हणून लहान फूल आई, मोठं फूल बाप. फुलं भरपूर असतील तर एखादं उलटंही करून बघा, काही मेळ जमतातही. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीत १८८६ साली फुललेला फॅलेनॉप्सिसचा पहिला मानवनिर्मित संकर असाच मोठ्या-लहानाचा होता: पांढरं ॲफ्रोडाइट आणि गुलाबी इक्वेस्ट्रिस.

आईचं फूल उमलून तीन-चार दिवस झालेलं घ्या. मधल्या दांड्याच्या टोकाला इवलीशी पांढरी टोपी असते. टूथपिकने ती खालून उचकटली की पिवळे परागपिंड टूथपिकला चिकटून येतात. आईचे हे पिंड काढून टाकायचे. मग नव्या टूथपिकने बापाचे पिंड घ्या. इथे आकाराची अडचण येते. मोहरीपेक्षा बारीक खळगी आणि तिच्यात बसवायचा मोठा पिंड! ब्लेडने पिंडाचा तुकडा करा आणि दांड्याच्या खालच्या बाजूच्या चिकट खळगीत हलकेच टेकवा, दाबू नका. ब्लेड दर झाडाला नवं, नाहीतर विषाणू एका कुंडीतून दुसरीत जातो.

दोन-तीन दिवसांत फूल मलूल होतं, देठ फुगू लागतो. लगेच पेढे वाटू नका. ऑर्किडमध्ये पराग लागल्यानंतरच बीजांडं तयार व्हायला लागतात. खरं फलन साधारण दोन महिन्यांनी होतं. तोवर शेंग गळू शकते. लहान झाडावर एकच शेंग ठेवा आणि रात्री पारा १५ अंशांखाली जायच्या बेतात असेल तेव्हा कुंडी घरात घ्या. डिसेंबर-जानेवारीत हे रोजचंच होईल.

चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं, खाली तारीख. शिसपेन्सिलीने लिहा. स्केचपेनची माझी एक चिठ्ठी उन्हाने कोरी झाली आणि त्या रोपांचा बाप कोण, हे आजही कळलेलं नाही.

दुकानातली मोठी पांढरी बहुधा चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेली, असतात आणि इक्वेस्ट्रिस दोन संचांचं, द्विगुणित. त्यांची तीन संचांची, त्रिगुणित पिलावळ फुलते झकास, पण तिच्यापासून पुढचा संकर क्वचितच मिळतो. पुढच्या पिढीची हौस असेल तर बापही जंगली जातीतला, नर्सरीत वाढवलेला शोधा.

बी म्हणजे नुसती धूळ, आत पोषणाचा साठा नाही. कुंडीत पेरून काहीही उगवत नाही. १९२२ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नडसनने साखरेच्या माध्यमावर बी रुजवून दाखवलं, आजच्या टिश्यू कल्चर लॅब त्याच वाटेने जातात. बाहेरची शेंग घेतात का, किती पैसे लागतील, हे पराग लावायच्या आधीच लॅबला विचारा. शेंग हिरवी, न तडकलेलीच न्यायची; तडकली की बियांवर बुरशीचे कण बसतात. नेताना वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये तिला घाम सुटतो.