बर्फात जायचं म्हणून विंटर टायर? घेण्याआधी या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की इंदूरच्या मराठी घरांत नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. मुलांना बर्फ बघायचा असतो, आजी-आजोबांना स्टेशनची चढ-उतार नको असते, आणि दारात सात सीटची एसयूव्ही उभी असते. मनाली ठरतं. मग कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगतं की विंटर टायरशिवाय बर्फात गाडी घालू नये, आणि घरात दोन तट पडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी वर्षभर इंदुरात राहणार आणि बर्फात चार-सहा दिवसच जाणार असेल, तर विंटर टायर घेऊ नका. पण हाच सल्ला कॅनडात किंवा जर्मनीत राहणाऱ्या मुलाला देऊ नका, त्याने ते घ्यायलाच हवेत. हिवाळाभर गाडी रात्री कुठे उभी राहते, एवढंच आधी बघायचं. गाडी केवढी आहे, सहल केवढ्याची आहे, हे नंतर.

नक्षी बघून टायर ठरवणं

बहुतेकांना वाटतं की विंटर टायर म्हणजे खोल खाचांचा टायर. खाचा असतात, त्यांच्यात बर्फ पकडणाऱ्या बारीक चिराही असतात, पण खरा फरक रबरात आहे. थंडीत तूप थिजतं तसं साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्याला चिकटेनासं होतं. विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहावं असंच बनवलेलं असतं.

हा गुण इंदुरात दोष ठरतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी २५ अंशांच्या आसपास असतं, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तापलेल्या डांबरावर हे मऊ रबर भराभर झिजतं, वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते आणि ब्रेक मारल्यावर थांबायला अंतर जास्त लागतं. इंदूर ते मनाली रस्ता तेराशे-चौदाशे किलोमीटरचा. एबी रोडने ग्वाल्हेर, आग्रा, मग दिल्ली, चंदीगड, मंडी, कुल्लू. त्यात बर्फ लागलाच तर शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत. तेवढ्यासाठी उरलेल्या सगळ्या कोरड्या हायवेवर, शंभरच्या वेगात, कमी पकडीचे टायर लावून घरच्यांना न्यायचं का?

‘आपली एसयूव्ही आहे, तिला काय होतंय!’

सगळ्यात घातक समजूत ही. एक तर आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याचशा फॅमिली एसयूव्ही फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतात. उंच दिसणं आणि फोर बाय फोर असणं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि खरोखरची फोर बाय फोर असली तरी ती गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, आणि थांबण्याचं काम शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावरच होतं.

ढोबळ हिशेब करून बघा. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच वेगाला ३० मीटर लागतात, आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर ६० च्या पुढे. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलंच नाही. सात माणसं आणि टपावरचं सामान घेऊन उतारावर असाल तर आकडा आणखी वाढतो. फोर बाय फोरवाला चढ सहज चढून जातो, म्हणून त्याला रस्ता बरा वाटतो, आणि रस्ता कसा आहे ते त्याला पहिल्या उतारावर कळतं.

उतारावर खालचा गिअर टाका आणि इंजिनाच्या ओढीवर गाडी येऊ द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरवर आणा. हे घरून निघण्याआधी करून बघा, कारण ते बटण किंवा दांडा नेमका कुठे आहे हे अनेकांना माहीतच नसतं.

दोनच टायर घेणं

‘पुढची चाकं ओढतात ना, मग पुढे दोन विंटर लावू, खर्च अर्धा.’ असं करू नका. पुढची पकड चांगली आणि मागची वाईट झाली की वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गोल फिरते. ही अवस्था सावरणं सराईत ड्रायव्हरलाही जड जातं. लावायचे तर चारही, नाहीतर एकही नाही.

टायरच्या अंगावरची अक्षरं न वाचणं

बाजूला एम आणि एस ही अक्षरं दिसली की दुकानदार ‘बर्फाचा टायर’ म्हणून दाखवतो. ती चिखल आणि बर्फ यांसाठी आहेत खरी, पण ती खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच छापते. बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते. ऑल-टेरेन टायरचे मोठे ठोकळे चिखलात आणि गोट्यांवर छान, पण ही खूण नसेल तर गुळगुळीत बर्फावर त्यांचा भरवसा धरू नका.

आपल्याकडे हे टायर सहज मिळतही नाहीत. पिथमपूरजवळ खेडा इथे ब्रिजस्टोनचा मोठा कारखाना असला, तरी देवास नाक्यावर जाऊन ‘भिया, बर्फ वाले टायर हैं क्या?’ विचारलंत तर बहुधा मान हलेल. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारचं बंधन आहे, त्यामुळे बाहेरून मागवणंही सोपं नाही. कुणी जुना सेट स्वस्तात देऊ केला तर बाजूवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. ३५१७ म्हणजे २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. इतक्या जुन्या रबरात मऊपणा उरलेला नसतो, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी.

मग पैसे कुठे घालायचे?

आहे त्या चार टायरमध्ये. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, पण बर्फाकडे जाताना ४ च्या खाली असलेला टायर मी नेणार नाही. खोली मोजायचा छोटा गेज स्वस्तात मिळतो. चारही टायर आतून, बाहेरून आणि मध्ये असे तीन ठिकाणी मोजा. आतली कड जास्त खाल्लेली दिसली तर आधी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.

दुसरी गोष्ट हवेची. दर १० अंश उतरले की टायरमधली हवा साधारण दोन पीएसआयने (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप) कमी होते. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही, तोही तसाच आकसतो. उलट उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने गेज थोडा जास्त दाखवतो. म्हणून घरून अंदाजाने जास्तीची हवा भरून निघण्यापेक्षा मनालीत सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी ठेवा. वाळूत करतात तशी हवा सोडून बर्फात पकड वाढवायचा उद्योग गोठलेल्या रस्त्यावर कामाचा नाही.

तिसरी गोष्ट साखळ्या, म्हणजे स्नो चेन. टायरच्या मापाच्याच घ्या, २१५/६० आर १७ असेल तर तेच. आधी गाडीचं मॅन्युअल बघा, कारण काही गाड्यांत चाक आणि मडगार्ड यांच्यात साखळीला जागाच नसते. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच चढवायच्या, बहुतेक गाड्यांत पुढच्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा हातमोजे घालून चढवून बघा. साखळी टायरवर अंथरायची, मागचा हूक आधी अडकवायचा, मग पुढचा, ताणायची, पन्नासेक मीटर गाडी नेऊन पुन्हा ताणायची. हा दुसरा ताण बरेच जण विसरतात आणि सैल साखळी ब्रेकच्या पाइपवर आपटत राहते. वेग चाळिसाच्या आत ठेवा, आणि बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढा.

आणि शेवटी स्थानिक टॅक्सी. ताजा बर्फ पडला की मनालीच्या वर, सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला, पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच सोडतात. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा तीन हजार मीटरच्या वर आहे, आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी रस्ता गोठलेला असतो. आपली गाडी हॉटेलवर ठेवून त्या दिवसापुरती तिथली फोर बाय फोर घ्या. तो ड्रायव्हर रोज त्याच वळणांवर असतो, देवदारांच्या सावलीतलं गोठलेलं दव कुठे दुपारपर्यंत वितळत नाही हे त्याला ठाऊक असतं. या खर्चात काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं.

मुलाला परदेशात चुकीचा सल्ला देणं

आता दुसरी बाजू. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणतो, ‘बाबा, विंटर टायर घ्यायचेत, चांगलाच खर्च आहे.’ इकडून उत्तर जातं, ‘अरे, ऑल व्हील ड्राइव्ह घेतलीस ना? मग कशाला?’ वर थांबण्याच्या अंतराबद्दल लिहिलंय ते इथे शब्दशः लागू आहे, आणि तिथे ते एक-दोन दिवस नाही, तीन-चार महिने लागू असतं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं दव असेल तर ते लागतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे डोंगर-हिमकणाचीच खूण चालते. कॅनडाच्याच ओंटारियो प्रांतात सक्ती नाही, पण विंटर टायर लावल्यास विम्याच्या हप्त्यात सूट मिळते.

खर्चही वाटतो तितका नसतो. उन्हाळी सेट हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून असतो, म्हणजे तो झिजत नाही आणि दोन्ही सेट जास्त वर्षं पुरतात. त्याला वेगळ्या स्टीलच्या रिमवर सेट बसवून घ्यायला सांगा, म्हणजे दर मोसमाला टायर रिमवरून काढायची मजुरी वाचते आणि टायरची कडही खराब होत नाही. आणि दुकानाची वेळ ऑक्टोबरातच घेऊन ठेवायला सांगा, पहिला बर्फ पडला की तिथे रांगा लागतात.