आयपॅडवरचं बोलण्याचं ॲप मूल सारखं सोडून जातं? माझा अनुभव

माझी मुलगी ॲपमधून बोलते: चित्रावर बोट ठेवलं की ॲप तो शब्द उच्चारतं. ती चित्रावर बोट ठेवून ‘पाणी’ म्हणायची आणि लगेच व्हिडिओकडे वळायची. बोलणं तिथेच तुटायचं. व्हिडिओ फोल्डरमध्ये लपवले, वेळमर्यादा लावली, तरी तेच. फार वैताग आला होता.

उपयोगी पडला गाईडेड ॲक्सेस, म्हणजे आयपॅड एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटीत तो चालू करा. तिथेच पासकोड ठरवा आणि डिस्प्ले ऑटो-लॉक ‘नेव्हर’ ठेवा, नाहीतर ऐन बोलताना स्क्रीन विझते. आता बोलण्याचं ॲप उघडा, आवाज पुरेसा वाढवा, होम बटण (नसेल तर वरचं बटण) पटापट तीनदा दाबा. ऑप्शन्समध्ये टच चालू, व्हॉल्यूम बटणं बंद, मग स्टार्ट. बाहेर पडायला पुन्हा तीनदा दाबून पासकोड, मग एंड.

व्हिडिओ आता आमच्या फोनवर. आयपॅड हा तिचा आवाज आहे. शिक्षा म्हणूनही तो काढून घेत नाही.