म्यूझस्कोअरमध्ये नव्या संगीताची अनवट चिन्हं कशी बसवायची

पाव स्वराचं चिन्ह, फुलीचं नोटहेड (स्वराच्या चिन्हाचं डोकं), पंख्यासारखा उघडत जाणारा बीम (स्वरांना जोडणारी जाड रेघ), ‘हीच आकृती पाच सेकंद वाजवत राहा’ सांगणारा बाण. ही चिन्हं स्कोअरवर (स्वरलेखनाच्या पानांवर) उमटवणं अवघड नाही. पानाची मांडणी बदलली तरी ती जागच्या जागी राहिली पाहिजेत, खरी कसोटी तिथे आहे. म्हणून पॅलेट (चिन्हांचा संच) उघडण्याआधी चिन्हाचं काम ठरवा: ते स्वराची उंची बदलतं, नोटहेडची जागा घेतं, वादनाची पद्धत सांगतं, की काही काळ चालू राहतं? खालच्या पायऱ्या म्यूझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी आहेत.

शिफ्ट + एफ९ दाबलं की मास्टर पॅलेट उघडतं. त्यातल्या ‘सिम्बॉल्स’ विभागात स्मूफल या संगीत-चिन्हांच्या फॉन्टसाठीच्या मानकातली शेकडो चिन्हं गटवार आहेत आणि नावाने शोधताही येतात. बहुतेकांची गफलत इथेच होते. पाव शार्पचं चिन्ह या विभागातून घेतलं तर ते नुसतं चित्र असतं: स्वर त्याच्यासाठी सरकून जागा करत नाही आणि प्लेबॅकमध्येही (सॉफ्टवेअर स्कोअर वाजवून दाखवतं तेव्हा) फरक पडत नाही. हुबेहूब तेच चिन्ह ‘ॲक्सिडेंटल्स’ विभागातून घेतलं तर ते स्वराचा भाग होतं. तेव्हा आधी कामाचा विभाग धुंडाळा (उंचीसाठी ॲक्सिडेंटल्स, वादनाच्या पद्धतीसाठी आर्टिक्युलेशन्स, काही काळ चालू राहणाऱ्या चिन्हासाठी लाइन्स), आणि तिथे नसेल तरच सिम्बॉल्सकडे वळा. बार्टोक पिझिकातोची (तार खेचून आपटवायची) खूण, म्हणजे वर्तुळावरची उभी रेघ, आर्टिक्युलेशन्समध्ये तयार मिळते.

पाव स्वर म्हणजे ५० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). प्लेबॅकमध्ये उंची नेमकी हवी असेल तर स्वर निवडून प्रॉपर्टीज पॅनेलच्या (एफ८) प्लेबॅक भागातल्या ट्यूनिंगच्या खान्यात आकडा घालता येतो. त्याआधी एकदा ऐकून पाहा. चिन्ह स्वतःच ५० सेंट चढवत असेल आणि तुम्ही आणखी ५० घातलेत, तर पूर्ण अर्धस्वर चढेल. शिवाय स्वर बाणाच्या कळीने वर-खाली केला की हे चिन्ह निघून जातं. उंची पक्की झाल्यावरच ते लावा.

नोटहेड बदलायचं तर स्वर निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये हेडचा प्रकार बदला. नुसत्या श्वासासाठी किंवा वाद्याच्या लाकडावर थाप देण्यासाठी फुली चालते, पण एकाच स्कोअरमध्ये तिला दोन अर्थ देऊ नका. स्टेम (स्वराची उभी काडी) नको असेल तर तीही प्रॉपर्टीजमधून लपवा.

पंखा-बीमसाठी किमान सोळांश स्वर लागतात. अष्टमांशाला एकच बीम असल्यामुळे उघडायला काही उरत नाही. आठ बत्तीसांश स्वर लिहा (एकूण एक क्वार्टर), बीमवर क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये फेदर्ड बीमची दिशा निवडा. मेझरच्या (तालाच्या एका खंडाच्या) हिशोबात न बसणारे स्वर हवे असतील तर ट्युप्लेट (ठरलेल्या वेळेत नेहमीपेक्षा वेगळ्या संख्येने बसवलेले स्वर) करून त्याचा आकडा आणि कंस ‘व्ही’ कळीने लपवा. मोकळ्या लयीच्या मेझरसाठी मेझर प्रॉपर्टीजमध्ये प्रत्यक्ष लांबी हवी तेवढी करा, ताल-चिन्ह लपवा आणि सेकंद स्टाफ टेक्स्टने वर लिहा.

‘वाजवत राहा’चा बाण लाइन्समधून बनवावा. साधी रेघ ओढा आणि तिच्या शेवटच्या मजकुराच्या खान्यात बाणाचं चिन्ह घाला. अशी रेघ सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्वराला बांधलेली असते, त्यामुळे ओळ तुटली तरी ती पुढच्या ओळीवर चालू राहते. सुट्या चित्राला हे जमत नाही. रेघेखालचे विराम लपवा, पुसू नका. मेझरची लांबी त्यांच्यावरच उभी असते. तयार झालेली रेघ कंट्रोल + शिफ्ट धरून स्वतःच्या पॅलेटमध्ये ओढून ठेवा, म्हणजे पुन्हा बनवावी लागणार नाही.

कुठेच न मिळणारं चिन्ह इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) म्हणून जतन करा आणि ती फाइल स्कोअरमधल्या स्वरावर ओढून सोडा. माप स्टाफ स्पेसमध्ये धरा: स्टाफ म्हणजे स्वर लिहायच्या पाच रेषा, आणि त्यांतल्या लगतच्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एक स्पेस. स्टाफ ७ मिलिमीटर उंच असेल तर एक स्पेस १.७५ मिलिमीटर होते. रेषा स्टेमच्या जाडीची, म्हणजे ०.१२ स्पेसच्या आसपास ठेवा. त्याहून बारीक रेषा छपाईत तुटक दिसते. अक्षरं असतील तर त्यांचं पाथमध्ये (रेषाकृतीत) रूपांतर करा आणि पान चित्राच्या आकाराएवढं कापा, नाहीतर भोवतालची रिकामी जागाही मापात धरली जाते. धूसर छाया, फिल्टर, क्लिपिंग टाळा. इंकस्केपमध्ये छान दिसणारं चित्र स्कोअरमध्ये काळा चौकोन होऊन बसू शकतं. चित्र आल्यावर प्रॉपर्टीजमध्ये आकार स्टाफ स्पेसमध्ये मोजायचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे स्टाफ लहान केला की चिन्हही लहान होईल.

जागा बदलायला बाणाच्या कळी: साध्या दाबल्या तर ०.१ स्पेस, कंट्रोल धरून १ स्पेस. हाताने सरकवणं मात्र अगदी शेवटी, ओळी आणि पानं पक्की झाल्यावर. त्यानंतर वाद्यांचे पार्ट (एकेका वाद्याची वेगळी पानं) उघडून तीच चिन्हं पुन्हा पाहा, कारण पार्टमध्ये मांडणी वेगळी पडते.

चिन्हांचा खुलासा पहिल्या पानावर हवाच. वर उभी फ्रेम घाला, तिच्यात मजकूर लिहा आणि लिहिता लिहिता शिफ्ट + एफ२ दाबून चिन्ह ओळीतच टाका. ‘स्फोटक’ किंवा ‘गूढ’ असल्या शब्दांनी वादकाला काहीच कळत नाही. ‘गज ब्रिजमागे, दाब जास्त, उंची अनिश्चित’ असं लिहा.

फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जाणार असेल तर म्यूझिकएक्सएमएलवर (स्कोअरच्या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारावर) विसंबू नका. त्याच्या २०१७ च्या ३.१ आवृत्तीपासून स्मूफलची नावं नोंदवायची सोय आहे, पण तुमच्या एसव्हीजीला त्यात जागा नाही, आणि हाताने सरकवलेली अंतरंही पलीकडे तशीच उतरतील याचा भरवसा नसतो. सोबत पीडीएफ पाठवा.