टेम्प्लेट सगळ्यात शेवटी: डेटा मॉडेलमधून कोड काढायला शिकताना

नागपूरच्या मिहानमध्ये असो की परसोडीच्या आयटी पार्कात, नव्या माणसाच्या हाती बरेचदा असंच काम येतं: एक टेबल, त्याचा क्लास, त्याची एपीआय, त्याचा फॉर्म. मग दुसरं टेबल आणि पुन्हा तेच. चाळीस टेबलांपर्यंत पोचलात की एकच चूक चाळीस जागी बसलेली असते. मॉडेल, म्हणजे टेबलं आणि त्यांच्या फील्डांचं वर्णन, एका फाइलीत ठेवायचं, कोडचा साचा (टेम्प्लेट) दुसरीकडे, आणि दोन्ही जुळवून फाइली काढून देणारा छोटा प्रोग्रॅम (जनरेटर) लिहायचा, हा त्यावरचा उपाय. शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखाच प्रकार. फक्त जागा कुठे सोडायची हे आधी कळायला हवं.

म्हणून सुरुवात टेम्प्लेटपासून करू नका. उदाहरणाला कळमना बाजारातली संत्र्यांची आवक घ्या. तीन एंटिटी, म्हणजे ज्यांची नोंद ठेवायची अशा गोष्टी, पुरेत: शेतकरी, आवक, लिलाव. आवकेत तारीख, क्विंटलमधलं वजन, बहार (आंबिया किंवा मृग) आणि शेतकऱ्याचा संदर्भ. आवकेचा सगळा कोड आधी हाताने लिहा, चालवा, टेस्ट करा. मग त्याच फाइलीची प्रत घेऊन बदलणारे तुकडे काढा आणि तिथे जागा सोडा. जनरेटरने काढलेली आवकेची फाइल आणि हाताने लिहिलेली फाइल यांचा डिफ (दोन फाइलींतला फरक) शून्य आला, की मगच शेतकरी आणि लिलावाकडे वळायचं. खरं तर तीन टेबलांसाठी जनरेटर लिहिणं हा तोट्याचा सौदा आहे. शिकण्यापुरतं ठीक, कामावर दहा-बारा एंटिटींच्या खाली हातानेच लिहावं.

मॉडेल यामल (वाचायला सोप्या मजकुराचा एक फॉरमॅट) फाइलीत लिहा. चालू डेटाबेसच्या इन्फर्मेशन स्कीमातूनही (डेटाबेस स्वतःच्या रचनेची माहिती ठेवतो ती जागा) कॉलम, प्रकार आणि कीज वाचता येतात, जुन्या सिस्टमसाठी तेच सोयीचं. पण फॉर्मवर कोणतं मराठी लेबल दाखवायचं, कोणतं फील्ड फक्त वाचायचं, हे तिथून मिळत नाही.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो यामल आणि टेम्प्लेटच्या मधल्या पायरीत, कारण बरेच जण ती गाळतात. वाचलेलं मॉडेल थेट टेम्प्लेटला देऊ नका. आधी पायथनमध्ये त्याची तयारी करा: प्रत्येक नावाची स्नेक (avak_tarikh), कॅमल (avakTarikh) आणि पास्कल (AvakTarikh) रूपं, प्रत्येक भाषेतला डेटा प्रकार, फॉरेन कीप्रमाणे (एका टेबलातला दुसऱ्याचा संदर्भ) लावलेला टेबलांचा क्रम (शेतकरी आधी, आवक नंतर). टेम्प्लेटमध्ये फक्त लूप आणि साधी अट राहिली पाहिजे. इफच्या आत तिसरा इफ लिहायची वेळ आली, तर ते काम मधल्या पायरीचं आहे.

डेटा प्रकारांचा तक्ता तर डोळ्यांत तेल घालून करा. लिलावाची रक्कम पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक असेल तर जावात बिगडेसिमल हवा. फ्लोट किंवा डबल घेतलात की पैशांचा हिशेब कधीतरी चुकणारच. बिगइंट (मोठा पूर्णांक) आयडी जावास्क्रिप्टला आकडा म्हणून पाठवला, तर 9007199254740991 च्या पुढे तो गुपचूप बदलू शकतो, म्हणून तो स्ट्रिंग करून पाठवा. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा 63 बाइट. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा धरून, 3 बाइट घेतं, म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. रोमन नावंही टेबल आणि कॉलम जोडून कन्स्ट्रेंटचं (टेबलावरच्या नियमाचं) नाव बनवताना मर्यादा ओलांडतात. पोस्टग्रेस उरलेलं कापतो, दोन नावं सारखी होतात आणि ‘आधीच अस्तित्वात आहे’ असा एरर येतो. लांब नाव आधीच कापून शेवटी छोटा हॅश (पूर्ण नावावरून काढलेला छोटा कोड) जोडला की सुटतं.

टेम्प्लेटसाठी पायथनचं जिंजा पुरेसं आहे. त्यात स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड (नसलेलं नाव आलं की एरर देणारं सेटिंग) पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर फील्डचं नाव चुकलं तरी जिंजा तक्रार न करता रिकामी जागा छापतो, आणि ती चूक कंपाइल करताना, कधी त्याहून उशिरा सापडते. ट्रिम ब्लॉक्स आणि एलस्ट्रिप ब्लॉक्स चालू केले की लूपमागे उरणाऱ्या रिकाम्या ओळी जातात. बाकी नीटनेटकेपणा फॉर्मॅटरवर सोडा. मस्टॅश (दुसरं एक टेम्प्लेट टूल) वापरत असाल तर दोन महिरपी कंसांत तो एचटीएमएल एस्केप करतो, म्हणजे < सारखी चिन्हं < अशी बदलून छापतो, त्यामुळे जावाच्या जेनेरिक्समधले कोनी कंस बिघडतात. तिथे तीन कंस लागतात.

निघालेल्या फाइलीत हात घालायचा नाही. पुढच्या रनमध्ये तुमचा बदल पुसला जाणार. जनरेट केलेला बेस क्लास एका फोल्डरमध्ये आणि त्याला एक्स्टेंड करणारा, हाताने लिहिलेला क्लास दुसऱ्यात ठेवा. दुसऱ्याची रिकामी फाइल जनरेटरने एकदाच तयार करायची, आधीच असेल तर तिला हात लावायचा नाही. सी शार्पमध्ये यासाठी पार्शल क्लास (एकच क्लास दोन फाइलींत विभागून लिहिणं) आहेच. फाइलीच्या माथ्यावर ‘ही फाइल आपोआप बनली आहे’ एवढं लिहा, पण तारीख-वेळ टाकू नका; काहीच बदललं नसतानाही गिटमध्ये सगळ्या फाइली बदललेल्या दिसतात. पायथनच्या सेटवर (क्रम नसलेली यादी) तसाच लूप फिरवला तरी हेच होतं, कारण स्ट्रिंगचा क्रम दर रनला वेगळा येऊ शकतो. सॉर्ट करूनच फिरवा. सीआयमध्ये (कोड आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी व्यवस्था) जनरेटर पुन्हा चालवून डिफ आला तर बिल्ड पाडा, म्हणजे कोणी हात घातला ते लगेच कळतं.

मुलाखतीसाठी प्रोजेक्ट दाखवणार असाल तर आधी घरीच एक प्रयोग करा: बहारच्या यादीत हस्त बहार वाढवा. क्लास, फॉर्म, टेबल बनवायची स्क्रिप्ट सगळं नव्याने निघेल. पण आधीच भरलेल्या डेटाबेसला त्याचा पत्ताही नसेल, कारण जनरेटर शेवटची स्थिती लिहितो, तिथवर नेणारं मायग्रेशन (जुन्या डेटाबेसला नव्या रूपात बदलणारी स्क्रिप्ट) लिहीत नाही. ती एक ओळीची ऑल्टर स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरमध्ये, क्रमांक देऊन, हातानेच लिहावी लागते.