जावास्क्रिप्टमधल्या तारखेचा आकडा कसा काढावा

डेट ऑब्जेक्टमधून (तारीख-वेळ साठवणाऱ्या वस्तूतून) १ वजा केला की आकडा मिळतो. त्याच तारखेत १ मिळवला, तर वारापासून टाइमझोनपर्यंतची लांबलचक स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) येते आणि तिच्या शेपटाला १ चिकटलेला असतो. एरर काही येत नाही, त्यामुळे हा घोळ चटकन लक्षात येत नाही.

डेटच्या पोटात खरं तर एकच संख्या असते: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद. ऑब्जेक्टचं प्रिमिटिव्ह (आकडा किंवा मजकूर असं साधं मूल्य) करायची वेळ आली की भाषा सोबत एक हिंट, म्हणजे कशात बदलायचं याचा इशारा, पाठवते: नंबर, स्ट्रिंग किंवा डिफॉल्ट. वजाबाकी नंबर मागते. अधिकचं चिन्ह स्ट्रिंगा जोडायलाही वापरतात, म्हणून ते नुसतं डिफॉल्ट म्हणतं. साधी ऑब्जेक्ट्स डिफॉल्टला नंबर धरतात, डेट मात्र स्ट्रिंग धरते. म्हणून रूपांतर चिन्हावर सोडू नका, स्वतः करा.

१. आधी तारीख वैध आहे का ते बघा. चुकीच्या मजकुरातून बनवलेली डेट तयार होते, पण तिची संख्या नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारं मूल्य) असते. गेटटाइम() ने मिळणारी ती संख्या नंबर.इजनॅन ने तपासा.

२. संख्येसाठी गेटटाइम() वापरा. व्हॅल्यूऑफ() तेच देतं. तारखेआधी नुसतं अधिक चिन्ह लावूनही काम होतं, पण कोड वाचणारा तिथे अडखळतो.

३. आता हिशोब करा. २४ तास म्हणजे ८,६४,००,००० मिलिसेकंद. ते मिळवून न्यू डेट मध्ये द्या. मात्र ‘उद्या याच वेळी’ हवं असेल तर महिन्यातला दिवस बदलणारं सेटडेट() बरं. काही देशांत घड्याळं पुढे-मागे करतात, तेव्हा एखादा दिवस २३ किंवा २५ तासांचा निघतो.

४. तुलनेत जपा. लहान-मोठं बघणारी चिन्हं आकडेच तपासतात. दुहेरी किंवा तिहेरी बरोबर मात्र ‘हे तेच ऑब्जेक्ट आहे का’ एवढंच बघतं. एकाच क्षणाच्या दोन वेगळ्या डेट घ्या: ‘लहान किंवा समान’ खरं, ‘मोठी किंवा समान’ही खरं, आणि ‘समान’ खोटं! दोन्हीकडे गेटटाइम() लावा.

५. साठवायला स्ट्रिंग हवी असेल तर टूआयएसओस्ट्रिंग(). टूस्ट्रिंग() त्या-त्या मशीनच्या टाइमझोनप्रमाणे बदलतं. तारीख अवैध असेल तर टूआयएसओस्ट्रिंग() रेंजएरर फेकतं, डेटाचा मजकूर बनवणारं जेसन.स्ट्रिंगिफाय मात्र गुपचूप नल (रिकामं मूल्य) लिहून मोकळं होतं.